साडेचार ओळींचा 'फॉन्ड'

पहाटे पावणेसहा

आमच्या घरात पहिला आवाज गॅसच्या लायटरचा. आईचा चहा बिनसाखरेचा, माझा साखरेचा. म्हणून दोन पातेली. चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी उभी राहून मी आजच्या शब्दांची यादी वाचते. गेली दोन वर्षं हेच चाललंय. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी असलेल्या एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाची नवी आवृत्ती निघते आहे आणि त्यातलं 'एफ' अक्षर माझ्या वाट्याला आलंय. दिवसाला पंधरा नोंदी अशी बोली आहे. पैसे नोंदीमागे, म्हणजे 'फेथ'ला जेवढे तेवढेच 'फनेल'ला.

काल 'फोमेंट'वर थांबले होते. आज यादीत पहिला 'फॉन्ड'. जुन्या आवृत्तीत त्याच्यापुढे तीन शब्द आहेत: आवड असलेला, प्रेमळ, शौकीन. चूक त्यात काहीच नाही. पण हे तीन शब्द वाचून हा इंग्रजी शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे कोणाला कळेल असं मला वाटत नाही. 'शौकीन' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तर अत्तर लावलेला, पान खाल्लेला माणूस येतो.

चहा उतू गेला. बिनसाखरेचा गेला हे त्यातल्या त्यात बरं, ओटा चिकट झाला नाही.

साडेसात

टेबलावर डावीकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती 1831 ची, माझ्याकडे आहे ती 1857 च्या दुसरीचं पुनर्मुद्रण. उजवीकडे मोल्सवर्थने सुरू केलेला आणि थॉमस कँडीने 1847 साली पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश. तो फोटोप्रतीत, स्पायरल बाइंडिंगचा. मराठीला स्वल्पविराम-अर्धविराम लावायची सवय लावणारा हाच तो मेजर कँडी. त्याच्या मराठीला पुढे लोकांनी बरीच नावं ठेवली. पण एका इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्दांची रास ओतायची त्याची रीत मला आवडते. आपल्याला हवा तो उचलावा, बाकीचे तिथेच असू द्यावेत. आम्हाला ती चैन परवडत नाही. आमच्या कोशात एका पानाला दोन रकाने आणि 'फॉन्ड'सारख्या शब्दाला चार ओळी.

माझी पद्धत अशी की अर्थ आधी लिहायचा नाही, आधी शब्दाची संगत बघायची. 'फॉन्ड'च्या पुढे 'ऑफ' आला की तो आत्याबद्दल बोलतो, आंब्याबद्दल बोलतो, दुपारी झोपण्याच्या सवयीबद्दलही बोलतो. 'ऑफ' नसेल आणि तो सरळ नामाच्या आधी येऊन बसला असेल तर त्याची माणसं ठरलेली असतात: आठवणी, निरोप, नजर, आई-बाप. आणि आशा.

आशा आली की गंमत होते. अमेरिकेत स्थिरावलेला मुलगा परत येऊन गावची शेती बघेल, ही बापाची 'फॉन्ड होप'. इथे 'प्रेमळ आशा' लिहिलं की वाक्य मेलं. ती भाबडी आशा आहे. सांगणाऱ्याला ती फळणार नाही हे पक्कं ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यालाही. आता एकच शब्द आठवणींपाशी मायेचा आणि आशेपाशी भाबडा कसा होतो, हे 'आवड असलेला, प्रेमळ, शौकीन' या तिघांना विचारून कळणार नाही.

आपल्या मुलांची चूकही इथेच होते. निबंधात ती 'फॉन्ड टू रीड' लिहितात, कारण डोक्यात 'वाचायला आवडतं' मधला 'ला' असतो. शेक्सपिअरचा शायलॉक तुरुंगाच्या रखवालदारावर खेकसतो तेव्हा 'फॉन्ड'पुढे 'टू'च लावतो. पण तो त्याला खुळा म्हणतोय, आणि त्याचे मार्क कापायला तिथे कोणी नव्हतं.

साडेनऊ

खुळा. तर मुळात हा शब्द खुळ्याचाच आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत 'फॉन' म्हणजे खुळचट माणूस. त्यावरून क्रियापद झालं, खुळ्यासारखं वागणं. आणि त्या क्रियापदाच्या भूतकाळी रूपातून आलेलं विशेषण म्हणजे आपला 'फॉन्ड'. मराठीत याला अगदी मापाचा शब्द आहे: खुळावलेला. चौदाव्या शतकात एखाद्याला 'फॉन्ड' म्हटलं तर त्याने हाणामारीच केली असती. पुढे खुळावलेला या अर्थावरून खुळ्यासारखी माया करणारा, आणि त्यातलं खूळ हळूहळू झिजत नुसता माया करणारा. सोळावं शतक सरत आलं तेव्हा हा शेवटचा अर्थ वापरात आला होता. पण म्हणून पहिला लगेच गेला नाही. सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली आपला कोश काढला, त्यात 'फॉन्ड'चा पहिला अर्थ मूर्ख असाच दिलाय. शब्दाची समाधानकारक व्युत्पत्ती आपल्याला सापडली नाही, अशी कबुलीही त्याने नोंदीत देऊन टाकली. इतकं मोठं नाव असलेला माणूस असं लिहितो तेव्हा आमच्यासारख्यांना जरा धीर येतो.

या दोन अर्थांच्या मधोमध शेक्सपिअरचा लिअर उभा आहे. आपल्याकडे लिअर माहीत आहे तो विंदा करंदीकरांच्या 'राजा लिअर'मधून, आणि त्याहून जास्त शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधून. शेवटाकडे भानावर येताना लिअर धाकट्या मुलीपुढे स्वतःचं वर्णन करतो, त्यात म्हातारपणाला लावलेलं एक विशेषण 'फॉन्ड' आहे. आजचं इंग्रजी शिकलेला मुलगा तिथे 'प्रेमळ म्हातारा' वाचेल. म्हातारा स्वतःला खुळा म्हणतोय. पण मुलींच्या गोड बोलण्याला भुलून राज्य वाटून मोकळा झालेला बाप तो, त्याचं खूळ आणि त्याची माया वेगळी करून दाखवा म्हटलं तर कोणाला जमेल? या एका जागेसाठी तरी मला आमच्या कोशात मूळ अर्थ हवा आहे.

बरं, इंग्रजीत हे एकदाच झालेलं नाही. 'डोट' म्हणजे जीव टाकणं, तोही आधी वेडगळपणाच होता, म्हातारचळ. 'इन्फॅच्युएशन'च्या पोटात लॅटिन 'फॅट्युअस' आहे, मूर्ख. उलटंही झालंय: 'सिली' हा शब्द एकेकाळी सुखी, धन्य अशा अर्थाचा होता, त्याचा बावळट झाला, आणि 'नाइस' हा लॅटिनमधल्या अडाण्यापासून निघून छानपर्यंत पोहोचला. हा शब्दांचा जिना बघताना माझा एक तास गेला. नोंदीत यातलं काही येणार नाही.

आता मराठीकडे बघा. क्रिकेटवेडा, नाटकवेडा, पुस्तकवेडा. 2022 साली आलेल्या एका मराठी सिनेमाचं नावच 'वेड', आणि तो प्रेमाचा सिनेमा आहे हे पोस्टर न बघताही कळतं. 'वेडा कुठला!' हे आपण ज्याच्यावर जीव आहे त्यालाच म्हणतो. आणि पोराने कितीही पैसे उडवले तरी त्याच्या खिशात गुपचूप नोट सरकवणाऱ्या आईबद्दल काय म्हणतो? वेडी माया. इंग्रजी 'फॉन्ड'ने चारशे वर्षांत जे गिळून टाकलं ते या दोन शब्दांत अजून उघड्यावर आहे. जुन्या आवृत्तीत हे दोन शब्द का नाहीत, याचं मला सकाळपासून नवल वाटतंय.

पावणेअकरा

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. हातात मुलाचा बायोडेटा, वरती गणपती, खाली रास-गोत्र, आणि मधला सगळा मजकूर इंग्रजीत.

"हे जरा बघ गं. इंग्रजी बरोबर आहे ना?"

छंदांच्या ओळीत होतं: फॉन्ड ऑफ ट्रेकिंग, म्युझिक अँड ट्रॅव्हल. मी हसले, तर काकूंना वाटलं चूक सापडली.

"भाची म्हणाली फॉन्ड जुनाट वाटतं. 'क्रेझी अबाउट' घाल म्हणाली."

"काकू, क्रेझी म्हणजे तरी काय, वेडाच. शेवटचा ट्रेक कधी केला त्याने?"

"राजमाचीला गेला होता की. ते कोरोनाच्या आधी."

"मग फॉन्डच राहू द्या."

ही थट्टा नव्हती. वापराच्या दृष्टीने 'फॉन्ड'चा हाच मोठा सोयीचा गुण आहे. तो मनाचा कल सांगतो, किती वेळा गेलात याचा हिशेब देत नाही. 'लाइक'पेक्षा तो उबदार असतो, आणि त्यात सहसा जुनी ओळख गृहीत असते. काल भेटलेल्या माणसाबद्दल कोणी 'फॉन्ड' म्हणत नाही. पण 'लव्ह'च्या तो एक पायरी खालीच राहतो.

काकूंनी कागद घडी करता करता विचारलं, "आणि नवऱ्याने बायकोला म्हटलं तर? आय ॲम फॉन्ड ऑफ यू?"

"तर बायकोने जरा काळजी करावी."

"इतकं?"

"म्हणजे, तिने 'आय लव्ह यू' म्हटल्यावर त्याने हे उत्तर दिलं असेल तर."

काकू गेल्या. जाताना म्हणाल्या, आमच्यांनी यातलं एकही म्हटलेलं नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. मी तक्त्यात वापराच्या रकान्यात लिहून टाकलं: 'आवडणे'पेक्षा अधिक, 'प्रेम असणे'पेक्षा कमी, परिचयातून आलेली ओढ. आणि माणूस 'जरा जास्तच फॉन्ड' आहे असं दारूच्या संदर्भात आलं, तर ती इंग्रजांची मवाळ भाषा समजावी. आपण तिथे सरळ 'नाद' म्हणतो.

बारा

सरांचा फोन. सर म्हणजे कोशाचे संपादक, वय शहात्तर, पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. मी सकाळी पाठवलेला मसुदा त्यांनी वाचला होता. सहा ओळी झाल्या होत्या, शेवटच्या दोन मूळ अर्थाच्या.

"अहो, मूळ कशाला? परीक्षेत मूळ विचारत नाहीत."

"सर, 'फॉन्ड होप' आणि 'फॉन्ड मेमरीज' यांची जुळणी मुळाशिवाय लागत नाही."

"ते तुम्हाला आणि मला. पोरांना नाही. आणि 'वेडा' छापलंत तर दहावीतलं पोर 'फॉन्ड मदर' म्हणजे वेडी आई असं लिहून येईल. मग पालक मला फोन करतील, तुम्हाला नाही."

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, कारण सरांचा मुद्दा खरा होता. 'वेडी माया' म्हणताना आपण विशेषण मायेला लावतो, माणसाला नाही. वेडी माया करणारी आई आणि वेडी आई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंग्रजीने मात्र ते विशेषण थेट आईच्या कपाळावर चिकटवलं आणि मग शतकानुशतकं ते घासत बसली.

सर म्हणाले, "चार ओळी. पाचवी हवी असेल तर का हवी ते संध्याकाळपर्यंत मला पटवा. सहावीचं नाव काढू नका."

फोन ठेवल्यावर थोडा राग आला, सरांचा नाही, जागेचा. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचं 'एफ' अक्षर हेन्री ब्रॅडलीने केलं. जगभरातल्या वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या समोर आणि सगळा कोश पुरा व्हायला 1928 उजाडलं. लांब कशाला, इथे पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम 1948 पासून चालू आहे. कपाटांत जवळपास एक कोटी चिठ्ठ्या, पहिला भाग 1976 ला निघाला आणि त्यानंतर इतके भाग निघाले तरी अक्षर 'अ'च आहे. तिथल्या लोकांना ओळी मोजून कोणी देत नाही. अर्थात तिथे दिवसाला पंधरा नोंदींचे पैसेही कोणी देत नसणार.

दीड

आईला रक्तदाब, त्यामुळे आमटी अळणी होते आणि मी ताटात वरून मीठ घेते. आज मीठ घेताना हात थांबला. चौदाव्या शतकात वायक्लिफच्या लिखाणात हाच शब्द मिठाला लावलेला सापडतो. चव गेलेलं मीठ म्हणजे 'फॉन्ड' मीठ. काही अभ्यासकांच्या मते खुळ्याआधीचा खरा मूळ अर्थ हाच असावा: बेचव, अळणी. मत्तयाच्या शुभवर्तमानात मिठाची गोष्ट आहे, तिथेही ग्रीकमध्ये मीठ बेचव होण्यासाठी वापरलेलं क्रियापद मूर्ख होणं याच अर्थाचं आहे. 'मोरॉन' ज्या धातूचा, त्याच धातूचं. लॅटिन 'फॅट्युअस'चंही तेच, मूर्ख आणि बेचव दोन्ही.

आपण काय वेगळे आहोत? पाणचट विनोद, मिळमिळीत माणूस, अळणी बोलणं. अक्कल आणि चव यांचा संबंध जिभेवर कधीपासून ठरलेला आहे. आणि संस्कृतने त्याच लवणापासून 'लावण्य' काढलं. ज्याच्यात मीठ आहे ते देखणं, ज्याच्यातलं गेलं ते खुळं.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी खाते ती आमटी वेडी?" आणि पोळीचा शेवटचा तुकडा तिने तिलाच लावून खाल्ला.

तीन

'फॉन्डल'. हा शब्द आज यादीत आहे हे सकाळीच बघितलं होतं आणि दुपारपर्यंत टाळलं.

त्याची हकीकत सोपी आहे. 'फॉन्डलिंग' म्हणजे आधी खुळा माणूस, मग लाडावलेलं माणूस. सतराव्या शतकाच्या अखेरीला त्यातून क्रियापद सोडवून घेतलं गेलं: लाड करणं, अंगावरून हात फिरवणं. जुन्या मराठी कोशांत म्हणून कुरवाळणे, गोंजारणे असे शब्द मिळतात, आणि त्या काळी ते बरोबर होते. आजही कुत्र्याच्या कानांशी खेळणाऱ्या हाताला इंग्रजीत 'फॉन्डल' चालतं. पण वर्तमानपत्रात, पोलिसांच्या कागदांत, कोर्टात तो शब्द आला की त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो: समोरच्याची इच्छा नसताना अंगाला केलेला लैंगिक स्पर्श.

नऊ वर्षांपूर्वी मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करत असे. एका तक्रारीत हा शब्द आला. रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी कागद द्यायचे, मी कोश उघडला आणि पहिला शब्द उचलला. कुरवाळलं. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "मांजराला कुरवाळतात. ही बाई तक्रार करते आहे."

कागद दाखल झाला नव्हता, एवढंच नशीब. मी दुरुस्त केलं: संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श केला. 'विनयभंग' घातलं नाही, कारण ते कृतीचं वर्णन नाही, कायद्यातलं गुन्ह्याचं नाव आहे. गुन्हा कोणता ते कोर्टाने ठरवायचं, भाषांतर करणाऱ्याने नाही. तक्रार करणाऱ्या त्या बाईचं नाव मला कागदावर दिसलं होतं आणि अजून आठवतं. माझ्या एका शब्दाने तिची तक्रार लाडाची गोष्ट झाली होती. कोशाला दोष देऊन सुटता येत नाही. पण त्या कोशात 'कुरवाळणे'च्या पुढे 'जुना अर्थ' एवढे दोन शब्द असते, तर मी पुढची ओळ वाचली असती.

मी सरांना मेल लिहिला. 'फॉन्ड'च्या पाचव्या ओळीसाठी कारण मागितलं होतं ना? हेच दिलं. शब्दाचं वय लिहायचं नसेल तर लिहू नका, पण मग जुना अर्थ आणि नवा अर्थ एका ओळीत स्वल्पविरामाने जोडूही नका. खाली नेहमीसारखं 'लोभ असावा' लिहिलं. सरांच्या कार्यालयातल्या नव्या मुलाने मागे एकदा विचारलं होतं, मॅडम, लोभ तर वाईट ना? वाईटच. संस्कृतमध्ये लुभ् म्हणजे हाव. पण इंग्रजी 'लव्ह' त्याच जुन्या धातूचा आहे, आणि आपण मराठी माणसं पत्राच्या शेवटी तीच हाव हात जोडून मागत आलोय.

साडेपाच

चहा. 'फॉन्डन्ट' आणि 'फॉन्ड्यू' उरकले. दोघांचा 'फॉन्ड'शी काही संबंध नाही, ते फ्रेंचमधल्या वितळण्यातून आले. एक केकवरचा साखरेचा लेप, दुसरं वितळलेल्या चीजचं भांडं. प्रत्येकी दीड ओळ.

सव्वासहा

शिंप्याकडे गेले. पुढच्या आठवड्यात लग्न आहे आणि जरीचं ब्लाउज घट्ट होतंय. दुकान जिन्याखालचं, एक मशीन, एक ट्यूबलाइट. काकांनी ब्लाउज उलटं केलं, बाजूची शिवण अंगठ्याने चाचपत वरून खाली गेले, मग काखेपाशी थांबून दोन बोटांनी आतलं कापड पसरून दाखवलं.

"ताई, माया आहे की. अर्धा इंच इकडे, अर्धा तिकडे. आरामात सुटेल."

मी तिथेच उभी राहिले. माया म्हणजे ईश्वराने घातलेली भूल, माया म्हणजे पोरावरचा जीव, माया म्हणजे साठवलेला पैसा, आणि माया म्हणजे शिवताना आत सोडलेलं जास्तीचं कापड. मला वाटतं चारांपैकी हा शेवटचा अर्थ दिवसात सगळ्यात जास्त वेळा बोलला जातो, आणि पुस्तकांत सगळ्यात कमी सापडतो. मी काकांना विचारलं, माया किती सोडता तुम्ही?

"कापड बघून. पोरीबाळींना जास्त सोडतो, वाढतं अंग. काही लोक कापड वाचवायला मायाच सोडत नाहीत. ते ब्लाउज एकदा घट्ट झालं की फेकायचं."

ब्लाउज शुक्रवारी मिळेल. साठ रुपये.

रात्री नऊ

आई झोपली. पंधराच्या जागी आज सातच नोंदी झाल्या: फॉन्ड, फॉन्डन्ट, फॉन्डल, फॉन्डली, फॉन्डनेस, फॉन्ड्यू, फॉन्ट. म्हणजे आठ नोंदींचे पैसे बुडाले, ते उद्या-परवा भरून काढायचे.

'फॉन्डल'मध्ये अर्थांची अदलाबदल केली. आजचा अर्थ पहिला, कुरवाळणे दुसरा, आणि त्याला 'जुना. प्राण्यांच्या बाबतीत अजून रूढ' अशी शेपटी.

'फॉन्ड' शेवटी असा झाला. एक, 'ऑफ'सह: जिव्हाळा किंवा ओढ असलेला, एखाद्या गोष्टीचा नाद असलेला. दोन, आठवणी, निरोप इत्यादींबाबत: मायेचा. तीन, आई-बापांबाबत: वेडी माया करणारा. चार, आशा, कल्पना यांबाबत: भाबडी, फोल. मूळ अर्थ वेडा, खुळावलेला. शेक्सपिअर वाचताना हा लक्षात ठेवावा. 'शौकीन' काढून टाकला. 'आवड असलेला'ही काढला, कारण 'ओढ' आल्यावर त्याला काम उरलं नव्हतं.

साडेनऊला पाठवून दिलं. सर रात्री मेल बघत नाहीत असं ते स्वतः सांगतात. पावणेदहाला उत्तर आलं.

"पाचवी ओळ ठेवली. 'वेडा' काढलं, 'खुळावलेला' पुरे. शेक्सपिअरही काढला, तो ज्याला वाचायचाय तो वाचेल. 'वेडी माया करणारा' राहू दे. पालकांचे फोन आले तर तुमचा नंबर देईन. उद्या 'फूड' आहे, तिथे ओळी वाढवू नका."

मांडणीत ती नोंद साडेचार ओळींची भरली.